ढब्बूला सगळं येतं

मंदाकिनी शेडगे यांची उभी हयात मुलांच्या चुका खोडण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी चुका लिहून द्यायची नोकरी धरली. साताऱ्यात ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. शेजारच्या जाधववहिनींना एकदा सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बाई, आता तुम्ही रोज नापास व्हायला जाता म्हणा की." मंदाबाईंनी त्याच दिवशी मनातलं वहिनींचं खातं बंद करून टाकलं. माणसांची खाती उघडायची, चार गोष्टी जमेला आणि सहा नावे टाकायच्या, ही त्यांची जुनी खोड. पहिली-दुसरीच्या वर्गावर जन्म काढला की माणसाला करमणुकीची दुसरी साधनं फारशी उरत नाहीत.

नोकरी होती 'अंकांगण' नावाच्या कंपनीत आणि कंपनीचा खेळ होता 'ठिकरी'. पडद्यावर घरं आखलेली असत. गणित सुटलं की मुलानं एका पायावर पुढच्या घरात उडी मारायची. इतपत तर कुठल्याही खेळात असतं. ठिकरीत वेगळा होता तो ढब्बू. गुबगुबीत, पुढचा एक दात पडलेला, सारखी चड्डी वर ओढणारा हा यंत्राचा मुलगा प्रत्येक मुलाच्या शेजारच्या घरात उभा राहायचा, उडी मारायचा आणि पडायचा. मग मुलानं त्याला उठवायचं आणि सांगायचं, अरे, हातचा विसरलास.

यामागचं शास्त्र तसं जुनंच. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणारा जास्त शिकतो. दुसऱ्याला समजावताना मूल आपलं डोकं जणू उघडून टेबलावर मांडतं आणि आतली गाठ सगळ्यात आधी त्यालाच दिसते. अडचण एवढीच, की प्रत्येक मुलाला त्याच्यापेक्षा किंचित मठ्ठ विद्यार्थी आणून कोण देणार? तो यंत्रानं दिला. पण यंत्राला चुकता येत नव्हतं. सुरुवातीचा ढब्बू आठ अधिक पाच चाळीस म्हणायचा. सहा वर्षांचं पोर त्याच्याकडे एकदा बघायचं, "हा येडा आहे" म्हणायचं आणि खेळ बंद करायचं. मुलाला शिकवावंसं वाटतं ते येड्याला नाही. कालपर्यंत आपण जिथे अडकलो होतो, तिथेच आज अडकलेल्याला.

म्हणून खेळ मुलाच्या बोटावर नजर ठेवायचा. बोट पडद्यावर कुठे घुटमळलं, कुठे वळलं, उत्तराआधी किती थांबलं, यावरून या मुलानं गेल्या आठवड्यात कोणती चूक मागे टाकली ते त्याला कळायचं. तीच चूक मग ढब्बू करायचा. आणि ती चूक खरीखुरी, मराठी शाळेतल्या पोराची हवी, म्हणून मंदाबाई. आठ अधिक पाच करताना मूल आठलाच 'एक' धरून मोजतं आणि बारावर थांबतं. एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकून आधी सहा लिहितं, मग नऊ. एकशे पाच म्हटलं की आधी शंभर लिहितं आणि त्याच्या शेपटाला पाच. बावन्नातून सतरा घालवताना दोनातून सात जात नाहीत म्हणून गुपचूप सातातूनच दोन घालवतं आणि पंचेचाळीस उत्तर काढून निवांत बसतं. हे सगळं मंदाबाईंना चेहऱ्यांसकट पाठ होतं. त्या चूक लिहायच्या, तिच्यामागचं मुलाचं म्हणणं लिहायच्या, आणि चुकल्यावर ढब्बू काय बोलेल तेही लिहायच्या. अट एकच होती. ढब्बूला हे सगळं येतं, तो मुद्दाम चुकतो, हे कुठल्याही मुलाला कळता कामा नये. ते कळलं की शिकवण्यातली गंमत गेली आणि गंमत गेली की खेळ गेला.

खेळ चालला मात्र झकास. दुसरीतली पोरं हातच्याची वजाबाकी पाणी प्यावं तशी करू लागली. मास्तर लोक खूष झाले आणि खूष झालेले मास्तर जे करतात ते त्यांनी केलं: चांगल्या गोष्टीत आपली एक भर घातली. सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या असतात, त्याला जोडून 'आजची चूक' सुरू झाली. मोठ्या पडद्यावर ढब्बू यायचा, कालची त्याची सगळ्यात मजेदार चूक करून दाखवायचा आणि चारशे पोरं एका दमात हसायची. प्रार्थनेला उशिरा येणारेसुद्धा चुकीला वेळेवर पोचू लागले.

मंदाबाईंची नात राही साताऱ्यातल्या अशाच एका शाळेत दुसरीत होती. राहीचा बाप पाटणच्या डोंगरावर पवनचक्क्या दुरुस्त करायचा आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. सून मयूरी बँकेत. राहीला शाळेतून आणणं, खाऊ घालणं आणि ऐकून घेणं हे खातं मंदाबाईंकडे.

जानेवारीत एका संध्याकाळी मयूरीनं चाचणीचा पेपर त्यांच्यासमोर ठेवला. पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती.

"आई, हे बघा. पन्नासातले अकरा."

"अकरा कशाचे मिळाले?"

"थट्टा नका करू. पहिल्या सत्रात अठ्ठेचाळीस होते तिला. बाईंनी बोलावून घेतलं होतं मला. पुढच्या महिन्यात परत चाचणी आहे. त्यातही असंच झालं तर जूनपासून पाया वर्ग."

मंदाबाईंची थट्टा जागच्या जागी विरली. पाया वर्ग म्हणजे कच्च्या मुलांना वेगळं बसवायची खोली, पाण्याच्या टाकीमागे. त्यांनी स्वतः असा वर्ग तीन वर्षं घेतला होता. तिथे मूल सहज जातं आणि मग शाळेला त्याला बाहेर काढायची आठवण राहत नाही. मुलालाही पुढे-पुढे राहत नाही.

"तुम्ही दुपारनंतर घरी असता, तुमचं लक्ष असतं म्हणून मी बिनघोर होते," मयूरी म्हणाली. मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

मंदाबाईंनी चष्मा लावला. अडतीस अधिक सत्तावीस, पाचशे पंधरा. बावन्न वजा सतरा, पंचेचाळीस. एकशे पाच अंकात लिहा, तर एक हजार पाच. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. यातली प्रत्येक चूक खरी होती, पण सगळ्या मिळून खोट्या होत्या. एकशे पाच असं लिहिणारं मूल अजून हातच्यापर्यंत पोचलेलं नसतं आणि हातच्यात अडकणारं मूल शंभराच्या पुढं कधीच गेलेलं असतं. एकाच तोंडात दुधाचे दात आणि वर मिसरूड, असा तो पेपर होता.

आणि त्यातली एकूण एक चूक त्यांनी स्वतः लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला राहीकडून एकशे पाच लिहून घेतलं. तिनं न बघता बरोबर लिहिलं.

"मग पेपरात काय झालं होतं?"

"असंच."

"असंच म्हणजे कसंच?"

"आजी, मला भूक लागलीये," राही म्हणाली. आजीकडे बघून ती इतकं गोड हसली की मंदाबाईंनी ते हसू सरळ नावे टाकलं.

कंपनीत गेल्या तर तिथे ईशान पोतनीस आधीच डोकं धरून बसलेला. ईशान हा ठिकरीचा मुख्य. तिशीचा, हुशार, दाढी राखलेला. जमेला म्हणाल तर मोठ्यांना उठून खुर्ची द्यायचा. नावे म्हणाल तर खुर्ची दिल्यावर स्वतःच बोलत सुटायचा.

"शेडगे मॅडम, बरं झालं आलात. दुसरीची मुलं घसरतायत. सगळी नाही, वरची. जी सगळ्यात चांगली शिकवत होती ना ढब्बूला, तीच. मला वाटतं चुका शिळ्या झाल्यात. नवीन द्या काही."

"चुका शिळ्या होत नाहीत रे. मला एका मुलीचं बोट दाखव."

"कुणाचं?"

"माझ्या नातीचं. परवानगी तिच्या आईची आहे, विचारून आले."

ईशाननं पडद्यावर राहीच्या बोटाची वाट काढली. निळी रेघ उत्तरांच्या चार चौकोनांवरून हिंडत होती. बावन्न वजा सतरा. रेघ सरळ पस्तीसकडे गेली, अगदी टेकायच्या बेतात आली, तिथे थांबली, आणि मग वळून पंचेचाळीसवर टेकली. पुढच्या गणितात तेच. त्याच्या पुढच्यातही. आधी बरोबर उत्तरापाशी जायचं, थांबायचं, आणि चुकीकडे वळायचं.

"यंत्र याला 'शंका' म्हणतं," ईशान म्हणाला. "उत्तर माहीत आहे पण खात्री नाही."

"खात्री आहे. हे बोट खात्रीनं चुकलंय."

"मुद्दाम? पण का? चुकल्यावर तिला काहीच मिळत नाही, मॅडम. उलट घर मागे जातं."

"मिळत असणार. तुझ्या यंत्राला मोजता येत नाही असं काहीतरी."

ईशाननं मान हलवली. ज्याचं मोजमाप नाही त्याला तो मान हलवायचा. नाकारायचा नाही आणि ठेवूनही घ्यायचा नाही.

'का' हे मंदाबाईंना रविवारी कळलं, राहीच्या वेण्या घालताना. पोराचं तोंड दिसत नसलं की पोर खरं बोलतं, हे त्यांचं वर्गात शिकलेलं ज्ञान होतं.

"राही, ढब्बू कसा आहे?"

"बरा आहे."

"चुकतो का अजून?"

"हो." तिनं हातातली रिबीन बोटाला गुंडाळली. "परवा परिपाठात सगळे हसले त्याला. सहावीतली मुलं पण. तो चड्डी वर ओढत होता तर अजूनच हसले."

"मग?"

"तो एकटाच चुकतो ना आजी. रोज. मी पण चुकले की तो एकटा नसतो."

मंदाबाईंचे हात वेणीच्या मध्येच थांबले.

"तन्वी पण चुकते," राही पुढे म्हणाली. "आणि रुद्र. आम्ही ठरवलंय. पेपरात पण चुकायचं ठरलं. नाहीतर खेळात चुकायचं आणि पेपरात बरोबर, ते खोटं होतं ना."

इतकी सरळ हिशेबाची गोष्ट होती. ती ऐकून मंदाबाईंना आधी हसू आलं, मग अभिमान वाटला, आणि वेणी बांधून होईतो जे उरलं त्याला फक्त थकवा म्हणता आलं असतं. चांगुलपणाला कुठल्या चाचणीत गुण नसतात आणि वजा मात्र होतात.

सोमवारी त्यांनी दोन्हीकडे सांगून पाहिलं. शाळेत मुख्याध्यापक बोरगे सर म्हणाले, "बाई, तुम्ही जुन्या माणूस, तुम्हाला काय सांगायचं. 'आजची चूक' बंद केली तर पोरं प्रार्थनेला येतील का? उपस्थिती बघा ना किती वाढलीय." कंपनीत ईशान म्हणाला, "परिपाठ शाळेचा, मॅडम. आम्ही कसं सांगणार? पण थँक्यू हां. दिशा मिळाली. मुलांना ढब्बूची काळजी आहे, बरोबर? मग तीच वापरू."

"वापरू म्हणजे?"

"मुलाचं उत्तर बरोबर आलं की ढब्बू खूष. मूल चुकलं की ढब्बू जरा उदास. फक्त चेहरा. म्हणजे त्याच्यासाठी म्हणून तरी मुलं बरोबर सोडवतील."

"म्हणजे पोरांना रडवायचं."

"रडवायचं नाही हो. ढब्बूच रडेल फार तर," ईशान म्हणाला. आपण काय बोललो ते ऐकायला तो थांबला नाही. त्याला दुसऱ्या बैठकीला जायचं होतं.

बदल त्याच आठवड्यात सुरू झाला. शुक्रवारी राही शाळेतून आली ती दप्तर न काढता जिन्यात बसून राहिली. वर यायला तयार नाही. मंदाबाई खाली गेल्या, तिच्या शेजारच्या पायरीवर बसल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"काय झालं?"

"मी चुकले तर तो रडला."

"मग बरोबर सोडव."

"बरोबर सोडवलं तर तो एकटा राहतो." तिनं नाक पुसलं. "आजी, मी काय करू ते सांग ना. तू शिक्षक होतीस ना."

दोन दिवस तिनं खेळ उघडला नाही आणि नीट जेवलीही नाही. मयूरी तिला एकदा रागावली, एकदा तिच्याशेजारी रडली, आणि रात्री सासूला म्हणाली, "आई, तुम्हाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा. तुमच्या कंपनीची माणसं माझ्या पोरीचं काय करतायत?" मंदाबाईंनी त्या 'तुमच्या' शब्दाकडे पाहिलं. त्यात चूक नव्हती.

चाचणी पाच दिवसांवर आली होती. रविवारी दुपारी मंदाबाई गॅलरीत पावटे सोलत बसल्या आणि राहीला समोर बसवून घेतलं. शब्द त्यांनी सकाळपासून जुळवले होते. ऐन वेळी एकही कामाला आला नाही.

"राही, ढब्बूला सगळं येतं."

राहीनं हातातली शेंग तशीच धरली.

"सगळं?"

"सगळं. तो यंत्र आहे."

"ते माहितीये. पहिल्याच पानावर लिहिलंय," राही जरा वैतागून म्हणाली. मोठ्यांना साधी गोष्ट समजत नाही, असा तो सूर होता. "यंत्र असला तरी त्याला येत नाही ना."

"येतं. त्याला हजारांची वजाबाकी येते, मला येत नाहीत अशी गणितं येतात. तो मुद्दाम चुकतो. तू शिकवावंस म्हणून."

"अडतीस अधिक सत्तावीस?"

"पासष्ट. त्याला पहिल्या दिवसापासून माहितीये."

राहीनं शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, दुसरी घेतली. बराच वेळ ती काम करत राहिली. मंदाबाईंना वाटलं, झालं, संपलं, इतकं काही अवघड नव्हतं. मग राहीनं वर न बघता विचारलं,

"मुद्दाम चुकायचं, हे त्याला कोण सांगतं?"

खोटं बोलायला जागा होती. ईशान म्हणाला असता, यंत्रच ठरवतं. तेही अर्धं खरंच होतं. पण एका अर्ध्या खऱ्यावर चार महिने निघाले होते आणि त्याचा हिशेब हा असा समोर बसून पावटे सोलत होता.

"मी," मंदाबाई म्हणाल्या. "त्याच्या चुका मी लिहिते."

"सगळ्या?"

"पुष्कळशा."

"चड्डी वर ओढायचं पण?"

"ते दुसऱ्या कुणीतरी."

राहीनं हे मनात कुठेतरी नीट मांडून ठेवलं. मग तिनं आजीकडे पाहिलं. राग नव्हता. ती खरोखरच जाणून घ्यायला विचारत होती.

"मग सगळे हसायचे तेव्हा तुला वाईट नाही वाटायचं?"

मंदाबाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या. सोलायच्या शेंगा अजून अर्ध्या बाकी होत्या.

चाचणीत राहीला पन्नासपैकी पन्नास मिळाले. मयूरीनं पेपर देवापुढे ठेवला, नवऱ्याला पवनचक्कीवर फोन लावला आणि सासूच्या आवडीची डाळवांगी केली. पाया वर्गाचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. हे सगळं जमेला पडलं आणि मंदाबाईंनी ते मोकळ्या मनानं मांडलं.

नावे पडलं तेही लवकरच आलं. राहीनं तन्वीला सांगितलं, तन्वीनं रुद्रला, आणि पुढच्या परिपाठात ढब्बू पडद्यावर आला तेव्हा दुसरीची अख्खी रांग हाताची घडी घालून गप्प उभी राहिली. कुणी हसेना. मागून एक आवाज आला, "नाटकी." खेळात मुलं त्याची उलटतपासणी घेऊ लागली. अरे, खरं उत्तर सांग, आम्हाला माहितीये तुला येतं. ढब्बूला याचं उत्तर कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तो चड्डी वर ओढत नुसता उभा राहायचा.

ईशाननं मंदाबाईंना बोलावलं नाही, स्वतः घरी आला. चहा घेतला. "तुम्हीच सांगितलंत ना?" म्हणाला. "हो," त्या म्हणाल्या. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता कप फिरवत राहिला. "मला समजतं, मॅडम," म्हणाला. "पण पलूसच्या, खटावच्या पोरांचं काय करू आता? तिथे दुसरीला शिक्षकच नाहीये. ढब्बूच होता." जाताना त्यानं वाकून नमस्कार केला आणि उद्यापासून यायची गरज नाही, हे न सांगताच सांगितलं. त्याचं खातं बंद करायला त्यांनी मनातल्या मनात घेतलं आणि ते कुठल्या बाजूनं बंद करायचं हे न कळून तसंच उघडं ठेवलं.

राही आणि आजीचं पूर्वीसारखं सुरू झालं. निदान मंदाबाईंना तसं वाटलं.

एप्रिलच्या अखेरीस दोघी पाटणला निघाल्या, राहीच्या बापाकडे आठ दिवस राहायला. एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक बंद पडला होता, त्यामुळे खिडकीपाशी जाऊन विचारावं लागलं. आतला माणूस फोनवर होता. "पाटण का? आता पन्नास मिनिटांनी. विजेची आहे, ती लागली की थांबत नाही," म्हणाला आणि पुन्हा फोनकडे वळला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते. मंदाबाईंनी मनात बेरीज केली.

"म्हणजे पाच पस्तीसची आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वेळ आहे. चल, बाबांना कंदी पेढे घेऊ, आणि तुला रस."

राहीनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे जरा बारीक झाले, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "चल," म्हणाली.

पेढे घेतले. रसवंतीत बसून एकेक ग्लास रस घेतला, मग राहीनं अजून अर्धा मागितला. मंदाबाईंना बरं वाटत होतं. सावली होती, पोरगी बडबडत होती, आयुष्यात घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. दोघी रमतगमत स्टँडवर परतल्या तर पाटणच्या फलाटावर एक कुत्रं झोपलेलं आणि एक बाई झाडू मारत होती.

"गाडी? गेली की मावशी. चार पस्तीसला गेली. आता एकदम संध्याकाळची."

मंदाबाई बाकावर बसल्या. पंचेचाळीस आणि पन्नास, पंच्याण्णव. त्यातून साठ गेले, पस्तीस उरले, हातचा एक तास. तीन आणि एक चार. तो हातचा त्यांनी दोनदा धरला होता. इतकी वर्षं हजारो पोरांच्या पाट्यांवर त्यांनी ही चूक खोडली होती आणि आज ती त्यांच्याच डोक्यात, कुणी न लिहिता, आपसूक उगवली होती. अशी ही पहिली की याआधीही झाल्या आणि कळल्या नाहीत, हे त्यांना ठरवता येईना.

"राही, तुला माहीत होतं चार पस्तीस ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस बाळा?"

"तू मुद्दाम चुकत होतीस ना," राही म्हणाली. पायांनी ती बाकाखाली झोके देत होती. "मी ओळखलं लगेच. हातचा दोनदा. ती माझी जुनी आहे, पहिलीतली."

"मुद्दाम नव्हतं गं. खरंच चुकले मी."

राही मान वाकडी करून हसली. त्या हसण्यात खोडी नव्हती. समजूत होती, माया होती, आणि आपण आता फसत नाही याचा पक्केपणा होता.

"ढब्बूपण असंच म्हणायचा," ती म्हणाली.

ते वाक्य कुणी लिहिलं होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

सांगून पाहायचं मंदाबाईंच्या मनात आलं. वय झालंय, डोकं दमतं, आता अशा खूप होतील, त्या वेळी गप्प राहू नकोस, मला थांबव. पण यातलं एकेक वाक्य त्यांनी मनात बोलून पाहिलं आणि प्रत्येक वाक्य त्यांना चांगलं लिहिलेलं वाटलं. झाडूवाली बाई पुढच्या फलाटाकडे सरकली. उन्हं बाकाच्या पायापाशी आली.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "आता पुढची गाडी साडेसहाला असते. किती वेळ आहे मग?"

राहीनं घड्याळाकडे एकदा पाहिलं. उत्तर तिच्या चेहऱ्यावर लगेच उमटलं आणि तिनं ते शहाण्या बाईसारखं गिळलं. आजीच्या अंगावर थोडी रेलून बसत ती म्हणाली,

"तूच सांग."

मंदाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. मध्येच त्यांचं चुकलं. त्या थांबल्या, पुन्हा पहिल्या पेरावर आल्या. राही त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि तिला अजिबात घाई नव्हती.